मेंदूतील लोहसंचय : अल्झायमर आणि एमआरआयने मापन

मेंदूच्या खोल भागातील केंद्रकांमध्ये (चेतापेशींच्या समूहांमध्ये), उदा. ग्लोबस पॅलिडस आणि पुटामेनमध्ये, वयाबरोबर लोह साठत जाते. हे निरोगी माणसातही घडते. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी संबंधित भाग), बाह्यक (मेंदूचा बाहेरचा थर) आणि अमायलॉइड या प्रथिनाच्या गाठींभोवती त्यापेक्षा जास्त लोह आढळते.

बहुतेक लोह फेरिटिन प्रथिनाच्या पोकळ कवचात बंद असते. एका कवचात सुमारे ४,५०० अणू मावतात. कवचाबाहेरचे फेरस लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग पावून हायड्रॉक्सिल मूलके बनवते आणि त्यांनी पेशीपटलातील मेदाम्लांचे ऑक्सिडीभवन होऊन पेशी मरते. अशा पेशीमृत्यूला २०१२ मध्ये ‘फेरोप्टोसिस’ हे नाव मिळाले. लोह काढून टाकले की आजार थांबतो, असे मात्र दिसलेले नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेफेरिप्रोन या लोह काढणाऱ्या औषधाच्या चाचणीत हिप्पोकॅम्पसमधील लोह घटले, पण रुग्णांची आकलनशक्ती अधिक वेगाने ढासळली.

मापनासाठी क्यूएसएम (क्वांटिटेटिव्ह ससेप्टिबिलिटी मॅपिंग) ही एमआरआयची पद्धत वापरतात. ३ टेस्लाच्या यंत्रावर अनेक एको असलेली त्रिमितीय ग्रेडियंट एको ही चित्रमालिका घेतात (एको म्हणजे ठरावीक वेळाने परत येणारा संकेत). व्होक्सेल, म्हणजे चित्रातील सर्वांत लहान घन, सुमारे १ मिमी, वेळ पाच ते दहा मिनिटे. मग फेजमधील (संकेताच्या लहरीच्या कोनातील) उड्या सोडवायच्या, हवा-हाडांमुळे आलेले पार्श्वक्षेत्र वजा करायचे आणि उरलेल्या क्षेत्रावरून प्रत्येक ठिकाणची चुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजे तिथला पदार्थ किती चुंबकित होतो ते, काढायची. ही शेवटची पायरी सर्वांत नाजूक. यंत्राच्या मुख्य चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांच्या शंकूवर माहितीच मिळत नाही, त्यामुळे चित्रात रेघा उमटतात. उत्तर पीपीबीमध्ये (अब्जांशांत) येते आणि ते सापेक्ष असते. शून्य मस्तिष्कमेरुद्रवाचे धरले की संपूर्ण मेंदूच्या सरासरीचे, हे अहवालात लिहिलेच पाहिजे.

आकडा वाढला म्हणजे लोहच वाढले, असे नाही. मायलिन (चेतातंतूंवरचे मेदयुक्त आवरण) प्रतिचुंबकी, म्हणजे चुंबकीय क्षेत्राला किंचित विरोध करणारे, असल्याने ते झिजले तरी ग्रहणशीलता वर जाते. आर२* (संकेत विरण्याचा वेग) सोबत पाहिल्यास उलगडा होतो : लोह वाढल्यास दोन्ही वाढतात, मायलिन घटल्यास आर२* उतरते. शिवाय कानामागच्या हाडातील हवेमुळे टेम्पोरल खंडाच्या तळाशी, म्हणजे आजाराची सुरुवात होते नेमक्या त्या भागात, मापन सर्वांत कच्चे असते.

नेहमीच्या तपासणीतील एसडब्ल्यूआय (ससेप्टिबिलिटी-वेटेड इमेजिंग) ही एमआरआय चित्रपद्धत लोह मोजत नाही, दाखवते. तिच्यात सूक्ष्म रक्तस्राव आणि कॅल्शियम दोन्ही काळे दिसतात. आपल्याकडे न्यूरोसिस्टिसर्कोसिसचे (फीतकृमीच्या अळ्यांमुळे मेंदूला होणाऱ्या संसर्गाचे) जुने, कॅल्शियम साचलेले डाग अनेकांत सापडतात. फेजमध्ये रक्तस्राव आणि कॅल्शियम यांची चिन्हे उलट असतात; ती न पाहता या डागांना रक्तस्राव म्हणणे ही गंभीर चूक आहे. लेकॅनेमॅबसारखे अमायलॉइड हटवणारे औषध द्यायचे की नाही, हे सूक्ष्म रक्तस्रावांच्या ठिपक्यांच्या संख्येवरही ठरते. फेजचे चिन्ह यंत्रांच्या कंपनीनुसार उलटे असू शकते, म्हणून आधी शिरांशी ताडून पाहावे.

पुण्यात रुग्णाचे नातेवाईक फिल्म आणि सीडी घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात. फेजची चित्रे साठवलीच नसतील तर त्या सीडीवरून क्यूएसएम करता येत नाही. तपासणीपूर्वीच ‘मॅग्निट्यूड (संकेताची तीव्रता) आणि फेज दोन्ही ठेवा’ असे तंत्रज्ञांना सांगावे. पुढच्या वर्षीची तपासणी त्याच यंत्रावर, त्याच प्रोटोकॉलने करावी : १.५ आणि ३ टेस्लाचे आर२* एकमेकांशी तुलनीय नसतात.

रक्तातील लोहावरून मेंदूतील लोहाचा अंदाज करता येत नाही, कारण मध्ये रक्त-मेंदू अडथळा आहे. रक्तक्षयासाठी दिलेल्या लोहाच्या गोळ्या किंवा घरातली लोखंडी कढई मेंदूत लोह साठेल या भीतीने बंद करू नये.