म्हातारपणी खर्च कमी होतो?

"निवृत्तीनंतर खर्च तो काय? दोन पोळ्या नि वरणभात!" हा हिशेब वर्षानुवर्षं सांगितला जातो आणि तो चुकीचा आहे. मुळात घरखर्चात अन्नाचा वाटाच घटतोय: सरकारी पाहणीनुसार शहरी भारतात १९९९-२००० मध्ये तो सुमारे ४८ टक्के होता, २०२२-२३ मध्ये ३९. वय वाढलं की पोळ्या कमी लागतात, पण रक्तदाबाच्या गोळ्या, शुगर तपासायच्या पट्ट्या, मोठ्यांचे डायपर, रात्री थांबणाऱ्या मावशींचा पगार हे सगळं दर महिन्याला उभंच असतं. २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, ही मोठीच सोय. मात्र ती रुग्णालयात दाखल झाल्यावरची. रोजच्या गोळ्यांचं बिल खिशातूनच जातं. आईवडिलांच्या पेन्शनचा हिशेब मांडताना ती बिलं आधी समोर घ्या.