दुसरं प्रूफ हातात आल्यावर : पहिल्या कादंबरीच्या लेखकांसाठी माहितीपत्रक

हस्तलिखित स्वीकारल्याचं पत्र गेलं की दोन प्रश्न हमखास येतात. पुस्तक कधी येणार, आणि अजून थोडं बदललं तर चालेल का? पहिल्याचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे, म्हणून दुसऱ्याचं आधी.

बदल करायचे ते अंतिम प्रतीत, प्रूफात (म्हणजे मांडणी झाल्यावर तपासायला काढलेल्या पानांत) नाही. संपादन संपल्यावर फाइल तीन आठवडे तुमच्याकडे असते. तेवढ्या काळात प्रकरण गाळा, शेवट बदला, नायिकेचं वय वाढवा, आमची काही हरकत नाही. मग फाइल मांडणीला जाते. पहिल्या प्रूफात पृष्ठामागे दोन ओळींपर्यंतचे बदल आम्ही विनाशुल्क करतो. दुसऱ्या प्रूफात विनाशुल्क फक्त चुका दुरुस्त होतात. आमच्या चुका तांबड्या शाईने खुणवा, तुमचे बदल निळ्या शाईने. दुसऱ्या प्रूफातल्या निळ्या खुणांना पृष्ठामागे 60 रुपये पडतात. काहींना हे जाचक वाटतं, म्हणून त्यामागचा हिशेब मांडतो.

डेमी आकारात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचात, आमच्या मांडणीत पृष्ठावर साधारण 280 शब्द बसतात. 50 हजार शब्दांची कादंबरी सुरुवातीच्या पृष्ठांसकट 186 पृष्ठांच्या आसपास जाते. छपाई 16 पृष्ठांच्या फॉर्मने, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या 16 पृष्ठांच्या गठ्ठ्याने होते, म्हणून आम्ही 12 फॉर्म, 192 पृष्ठं धरतो. हाताशी सहा पृष्ठं उरतात. आता एखादं प्रकरण पृष्ठाच्या तळाशी बरोबर संपलेलं असेल आणि त्यात तुम्ही एकच वाक्य घातलं, तर दोन-तीन शब्दांची ओळ नव्या पृष्ठावर एकटी जाऊन बसते आणि पुढची सगळी प्रकरणं एका पृष्ठाने सरकतात. अनुक्रमणिका बदलते. असं सात प्रकरणांत झालं की 193वं पृष्ठ उघडतं, आणि त्या एका पृष्ठासाठी किमान अर्धा फॉर्म वाढवावा लागतो. पूर्ण फॉर्म वाढला तर 70 जीएसएम (चौरस मीटरला 70 ग्रॅम वजनाच्या) नॅचरल शेडच्या, म्हणजे किंचित पिवळसर, कागदावर पुस्तकाचा कणा पाऊण मिलिमीटरने जाड होतो. दोन फॉर्म वाढले की तयार मुखपृष्ठाची घडी चुकते आणि कण्यावरचं नाव कडेला सरकतं. म्हणजे चित्रकाराकडे पुन्हा जाणं आलं. एवढ्यात छापखान्यातला आपला नंबर निघून जातो. दिवाळी अंकांच्या दिवसांत तो गेला, तर परत मिळायला तीन-चार आठवडे सहज लागतात.

पैशाचा आणि वेळेचा भाग झाला. त्याहून आम्हाला जास्त लागते ती गोष्ट वेगळी आहे. दुसऱ्या प्रूफानंतर मुद्रितशोधक पुस्तक पहिल्या ओळीपासून वाचत नाही, खुणवलेली दुरुस्ती झाली की नाही तेवढंच ताडून पाहतो. म्हणजे तुम्ही शेवटी घातलेलं वाक्य तुमच्याशिवाय कोणीच वाचलेलं नसतं. छापील पुस्तकात राहिलेली चूक शोधायला गेलं, की ती बहुधा अशाच उशिरा आलेल्या वाक्यात सापडते. पहिल्या पुस्तकात ती लेखकाला फार खुपते, आणि आम्हालाही.

तरीही एखादा शब्द बदलल्यावाचून राहवत नसेल, तर जेवढी अक्षरं घालाल तेवढीच त्याच परिच्छेदातून काढा. ओळ सरकत नाही, पृष्ठ जागचं हलत नाही. अशा बदलाचे पैसे आम्ही लावत नाही.

पात्राचं किंवा गावाचं नाव मात्र प्रूफात कधीही बदलू नका. ‘राम’च्या जागी ‘श्याम’ करायला संगणकाला सांगितलं, की रामटेकचं श्यामटेक होतं, ‘आराम’चं ‘आश्याम’ होतं आणि ग्रामपंचायतीची तर ओळख राहत नाही. गावाचं उलट होतं. ‘धापेवाडा’ शोधून बदललं, तर ‘धापेवाड्याला’, ‘धापेवाड्याहून’, ‘धापेवाड्यात’ तसंच मागे राहतं, कारण विभक्ती लागली की शब्दाचं रूपच बदलतं. मराठीत हे काम एकेक जागा डोळ्यांनी पाहूनच करावं लागतं.

म्हणून अंतिम प्रतीसोबत आम्ही एक नावांचा कागद मागतो. त्यावर पात्रं, त्यांची वयं, नाती, गावं आणि बोलीतले शब्द तुम्हाला हवे त्या रूपात लिहा. आपल्याकडच्या कादंबऱ्यांत संवाद वऱ्हाडी किंवा नागपुरी असतात, आणि ते तसेच राहायला हवेत. पण एका पृष्ठावर ‘काऊन’ आणि दुसऱ्यावर ‘काहून’, एकदा ‘करून राह्यला’ आणि एकदा ‘करून राहिला’ असं असेल, तर ते पात्रानुसार मुद्दाम केलंय की नजरचुकीने झालंय, हे मुद्रितशोधकाला कळायला मार्ग नाही. कागदावर लिहिलेलं असेल तर तो ‘मले’चं ‘मला’ कधीच करणार नाही. निवेदनात ‘केले’ की ‘केलं’, हेही तिथेच ठरवून लिहा. दोन्हींची सरमिसळ हे आमच्याकडे वेळ खाणारं सगळ्यात मोठं काम आहे. बाकी लेखन साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे होतं.

फाइल एकच पाठवा, युनिकोडमध्ये. व्हॉट्सॲपवर प्रकरणागणिक पाठवली की कुठलं प्रकरण शेवटचं, हे महिन्याभराने तुम्हालाही आठवत नाही. श्रीलिपी किंवा कृतीदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर रूपांतरित केल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा सोडतात, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. रूपांतर झालेली फाइल पाठवण्याआधी निदान ‘र्या’ आणि ‘र्हा’ शोधून पाहा. ‘सूर्या’सारखे बरोबर शब्दही त्यात येतील, म्हणून एकेक जागा तपासूनच बदला. हे जमत नसेल तर आमच्याकडे पृष्ठाच्या दराने करून मिळतं.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, पैसे लागत नाहीत. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो प्रकाशकाला विनामूल्य देते, आम्हीही त्याचं काही घेत नाही. आयएसबीएन घेतला म्हणजे कॉपीराइट मिळाला, असंही नाही. कॉपीराइट 1957 च्या कायद्याने लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो. 1954 च्या कायद्याप्रमाणे कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना द्यायच्या प्रती आमच्या खर्चाने जातात.

शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांसाठी पुस्तकाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरलं जातं, म्हणून नोव्हेंबरात सगळ्यांनाच घाई होते. त्याच वर्षात पुस्तक हवं असेल तर अंतिम प्रत जुलैअखेर द्या. आणि प्रकाशन समारंभाचं सभागृह दुसरं प्रूफ सही होऊन परत आल्यावरच ठरवा. त्या दिवसापासून 30 दिवसांत पुस्तक हातात देण्याची जबाबदारी आमची.

हस्तलिखित वाचायचे किंवा पुस्तक काढायचे पैसे आम्ही लेखकाकडून घेत नाही. पहिली आवृत्ती 500 प्रतींची असते, 15 प्रती लेखकाला भेट मिळतात, पुढच्या प्रती 40 टक्के सवलतीत. स्वतःच पुस्तक काढणाऱ्यांनाही मुद्रितशोधन आणि मांडणी करून देतो. तेव्हाही दोनच प्रूफं.

नावांच्या कागदाचा कोरा नमुना आणि खुणा केलेलं एक जुनं प्रूफ कार्यालयात पाहायला ठेवलं आहे. वेळ दुपारी 12 ते 6, एप्रिल-मेमध्ये सकाळी 8 ते 12. रविवारी बंद. प्रूफ परत करताना त्याचे कागद दुमडू नका. घडीवर आलेली खूण वाचता येत नाही.