घोडा लंगडण्याआधी रक्त काय सांगतं?

पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर शर्यतींचा हंगाम असतो. पहाटेच्या सरावात घोडा लंगडतोय का हे पाहताना जाणकाराची नजर पायांइतकीच मानेवर असते. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली आणतो. दुडक्या चालीत हे चटकन कळतं. पण दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असले, तर मान हलतच नाही. पावलं फक्त आखूड पडतात आणि नवख्याला वाटतं, घोडा आज जरा सुस्त आहे.

खरी अडचण सांध्याच्या आत आहे. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात ना रक्तवाहिन्या, ना चेतातंतू. त्यामुळे कूर्चा झिजली तरी दुखत नाही. सांध्याचं अस्तर सुजलं किंवा झीज खालच्या हाडापर्यंत पोचली, की मग घोडा लंगडतो. साध्या एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, आणि एकदा गेली की पहिल्यासारखी भरूनही येत नाही. मुकं जनावर तोवर पळतच राहतं, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून संशोधक रक्ताकडे वळले. कूर्चेचा सांगाडा मुख्यतः टाइप-२ कोलॅजन या प्रथिनाचा. तो तुटला की त्याचे तुकडे सांध्यातल्या द्रवात आणि तिथून रक्तात उतरतात. सीटीएक्स-२ हा त्यातलाच एक. याउलट सीपी-२ हा तुकडा नवं कोलॅजन तयार होताना सुटतो. म्हणजे मोडतोड किती आणि डागडुजी किती, या दोन्हींचा माग रक्तात लागू शकतो. ऑस्टिओकॅल्सिन या हाडातल्या प्रथिनावरून हाडाच्या घडणीचा अंदाज येतो.

पण रक्त सगळ्या शरीराचं असतं. कोणता सांधा बिघडलाय हे ते सांगत नाही. त्यासाठी पशुवैद्य अजूनही पाय खालून वर टप्प्याटप्प्याने बधिर करत जातात आणि कुठे बधिर केल्यावर लंगडणं थांबतं ते पाहतात. शिवाय अंगाच्या वाढीच्या वयात आणि नुसत्या सरावानेही हे आकडे चढतात. एकदाच रक्त काढून निदान करू पाहणं मला तरी चुकीचं वाटतं. घोड्याची तुलना त्याच्या स्वतःच्याच मागच्या आकड्यांशी व्हायला हवी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१० मध्ये शर्यतीच्या १३० तरुण घोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं रक्त दर महिन्याला तपासलं होतं. त्या आकड्यांवरून दुखापतीचा अंदाज १० पैकी साधारण ७ वेळा बरोबर आला. घोडा सरावातून काढायला एवढं पुरेसं नाही. त्याच्या पायांची नीट तपासणी करून घ्यायला मात्र नक्कीच पुरेसं आहे.

सीरम अमायलॉइड-ए ही चाचणी तबेल्यातच करता येते, पण तिचं काम वेगळं. निरोगी घोड्यात हे प्रथिन नगण्य असतं, आणि जंतुसंसर्ग झाला की काही तासांत शेकडो पटींनी वाढतं. सांध्यात पू झाल्याचा संशय असेल तेव्हा तिचा उपयोग मोठा. सावकाश होणाऱ्या झिजेत मात्र ते फारसं हलत नाही, म्हणून हा आकडा कमी आला तरी सांधे ठणठणीत आहेत असं समजू नये.

पुण्याच्या तबेल्यांत घोड्याच्या सरावाची रोजची माहिती असतेच. दोन वर्षांचं शिंगरू सरावाला आलं की त्याचं पहिलं रक्त तेव्हाच काढून ठेवावं आणि पुढे महिन्याच्या महिन्याला, शक्यतो सकाळी सरावाआधी ठरल्या वेळी, पुन्हा घ्यावं.