सायगोचा तारा

चित्राच्या वरच्या भागात एक तेजस्वी गोळा आहे आणि त्या गोळ्यात लष्करी गणवेशातला सामुराई सेनानी सायगो ताकामोरी. खाली रस्त्यावरची माणसं माना वर करून त्याच्याकडे बघताहेत. १८७७ साली जपानमध्ये अशी अनेक चित्रं लाकडी ठशांवरून छापली गेली. प्रत्येक रंगासाठी चेरीच्या लाकडाचा वेगळा ठसा कोरायचा, शाई लावून वर कागद ठेवायचा आणि पाठीमागून घासायचं. युरोपातून येणारा भडक ॲनिलिन (कृत्रिम) लाल रंग तेव्हा छापखान्यांत नुकताच रुळला होता.

त्याच्या आदल्याच वर्षी सरकारने सामुराईंना, म्हणजे जपानच्या पारंपरिक योद्ध्यांना, तलवार बाळगायची बंदी केली, त्यांचे तनखेही बंद केले. फेब्रुवारी १८७७ मध्ये सात्सुमा प्रांतात बंड पेटलं आणि सायगो त्याचा म्होरक्या झाला. ऑगस्टपर्यंत त्याची फौज पार खचली होती. नेमक्या त्याच दिवसांत रात्री आकाशात एक लाल तारा झळकू लागला. लोक म्हणाले, हा सायगोच!

दिसत होतं ते खरंच होतं, पण तो तारा नव्हता. तो होता मंगळ.

पृथ्वी साधारण २६ महिन्यांनी मंगळाला गाठते. पण मंगळाची कक्षा चांगलीच लंबगोल आहे. सूर्यापासूनचं त्याचं अंतर २०.७ कोटी ते २४.९ कोटी किलोमीटर असं बदलतं. तो सूर्याजवळ असताना गाठ पडली, तर आपल्यापासून जेमतेम साडेपाच-पावणेसहा कोटी किलोमीटरवर येतो. एरवी हेच अंतर दहा कोटींपर्यंत जातं. असा योग १५ किंवा १७ वर्षांनी येतो आणि सप्टेंबर १८७७ मध्ये तो आला होता. त्याचाच फायदा घेऊन वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत आसाफ हॉलने त्या ऑगस्टमध्ये मंगळाचे दोन्ही चंद्र शोधले.

गणवेशातला माणूस मात्र नुसत्या डोळ्यांना दिसणं अशक्य. इतक्या जवळ आलेला मंगळसुद्धा आकाशात फक्त २५ विकलांएवढा असतो (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), आणि आपल्या डोळ्याला ६० विकलांहून बारीक तपशील उमगत नाही. पण मला ही चित्रं फार मोलाची वाटतात. पंचांग न पाहताही लोकांनी आकाशातला बदल अचूक टिपला होता.

२४ सप्टेंबरला कागोशिमाच्या शिरोयामा टेकडीवर सायगो मरण पावला. मंगळ पुढे हळूहळू मंदावत गेला. आता तो तितकाच जवळ येईल सप्टेंबर २०३५ मध्ये. ढग नसतील त्या रात्री गच्चीवरूनही दिसेल.