किडनी काढली म्हणजे नेमकं काय काढलं?

कॅन्सरमुळे कोणाची किडनी काढली असं पारावर कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मंग आता वावरात जाते का तो?" जखम भरली की जातो. दुसरी किडनी निरोगी असेल तर ती हळूहळू थोडी मोठी होते आणि बरंचसं काम अंगावर घेते. एका किडनीवर माणूस जगतो, हे 1869 च्या एका ऑपरेशनने दाखवून दिलं. त्या वर्षी जर्मनीतल्या हायडेलबर्गला गुस्ताव सिमोन या सर्जनने आधी कुत्र्यांवर प्रयोग केले, मग एका बाईची एक किडनी ठरवून काढली. ती जगली. तिला कॅन्सर नव्हता, मूत्रनलिका, म्हणजे किडनीतून मूत्राशयात लघवी नेणारी नळी, गळत होती.

कॅन्सरमध्ये मात्र "किडनी काढली" हे अर्धंच वर्णन झालं. किडनी पाठीकडे, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला असते. लांबी 10 ते 12 सेंटिमीटर, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. कापसात सरकी बसावी तशी ती चरबीत बसलेली असते आणि त्या चरबीभोवती आणखी एक पातळ पडदा असतो. गाठीच्या पेशी किडनीची साल फोडून चरबीत शिरलेल्या असू शकतात. म्हणून पूर्ण ऑपरेशनमध्ये पडदा, चरबी आणि किडनी हे सगळं न उघडता एकसंध बाहेर काढतात. टोरांटोच्या रॉबसन या सर्जनने 1960 च्या दशकात ही पद्धत रूढ केली. तो किडनीच्या डोक्यावरची अधिवृक्क ग्रंथी आणि आसपासच्या लसिका गाठीही (प्रत्येकाच्या अंगात असतात त्या लिम्फ नोड) काढायचा. आता त्या सरसकट काढत नाहीत. सीटी स्कॅनमध्ये ग्रंथीपर्यंत रोग पोचलेला किंवा लसिका गाठी सुजलेल्या दिसल्या, तर गोष्ट वेगळी.

खरी कसोटी लागते ती रक्तवाहिन्यांपाशी. दोन्ही किडन्यांतून मिळून मिनिटाला साधारण एक लिटर रक्त फिरतं. त्यामुळे आधी धमनी बांधायची, मग शीर. उलट केलं तर आत रक्त तुंबून किडनी फुगते. या कॅन्सरची एक विचित्र खोड अशी, की तो शिरेच्या आतून वाढत जातो. कधी पोटातल्या महाशिरेत, क्वचित थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत. अशा वेळी शीर उघडून ती आतली गाठ ओढून काढावी लागते, ती हृदयापर्यंत पोचली असेल तर हृदयाचे सर्जनही सोबत लागतात. हे काम तालुक्याच्या दवाखान्यात होणारं नाही, त्यासाठी मोठं रुग्णालयच गाठावं.

मूत्रनलिकेचं तसं सोपं आहे. नेहमीच्या किडनी कॅन्सरमध्ये ती मधेच कापतात. पण कॅन्सर लघवी गोळा होणाऱ्या पोकळीच्या अस्तरातून सुरू झाला असेल, तर तेच अस्तर पुढे मूत्राशयापर्यंत जातं. मग पूर्ण नलिका आणि मूत्राशयाचा छोटा तुकडाही काढतात.

आता कमी काढण्याबद्दल, कारण मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. गाठ 4 सेंटिमीटरपर्यंत असेल, आणि जागा सोयीची असेल तर 7 पर्यंतही, फक्त गाठ आणि तिच्याभोवतीची निरोगी भागाची बारीक कड काढून किडनी वाचवता येते. त्यासाठी धमनीला तात्पुरता चिमटा लावतात आणि साधारण अर्ध्या तासाच्या आत कापून, शिवून चिमटा सोडायचा असतो. जास्त वेळ लागणार असेल तर किडनीभोवती बर्फ घालतात. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागात, किडनीच्या तक्रारी नव्या नाहीत. वर मुतखडा, बीपी, साखर आणि अंग दुखलं की मेडिकलमधून आणलेली गोळी. दुसरी किडनी आधीच थकलेली असेल, तर वाचवलेल्या अर्ध्या किडनीची किंमत फार मोठी. म्हणून ऑपरेशनआधी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनी कितपत काम करते ते कळतं) किती आहे आणि किडनी वाचवता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये.

अर्थात किडनी वाचवता येते ती गाठ लहान असताना सापडली तर. बहुतेकदा ती दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत दिसते. लघवीतून रक्त गेलं की आपल्याकडे उन्हाळी लागली म्हणून धन्याचं पाणी देतात. उन्हाळीत जळजळ होते. गाठीचं रक्त बहुधा न दुखता जातं आणि दोन दिवसांनी आपोआप थांबतंही.

काढलेला भाग पुष्कळदा नातेवाइकांना ट्रेमध्ये दाखवतात. मग तो फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीला जातो. रिपोर्टमध्ये कॅन्सरचा प्रकार, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात ते) आणि कापलेली कड स्वच्छ आहे की नाही हे लिहून येतं. पुढचे स्कॅन किती दिवसांनी, हे बरंचसं त्यावर ठरतं.