साळईच्या डिंकाचा दाहावरचा दावा कुठून आला?

गुडघेदुखीच्या गोळ्यांच्या डब्यांवर हल्ली ‘बॉसवेलिया’ हे नाव सर्रास दिसतं. बॉसवेलिया सेराटा म्हणजे आपलं साळईचं झाड. तिच्या खोडाला चीर दिली की जो चिकट स्राव पाझरतो आणि वाळून खडे होतात, तोच धुपात जळतो आणि त्याचाच अर्क गोळीत भरला जातो. चरक-सुश्रुतांच्या संहितांत साळई ‘शल्लकी’ या नावाने येते, प्राचीन इजिप्तमध्येही तिच्या भाईबंद झाडांच्या राळेला मोठा मान होता. पण पुरातन म्हणून गुणकारी, हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. हा अर्क दाह, म्हणजे शरीरातली सूज आणि वेदना, कमी करतो या आजच्या दाव्याचं मूळ त्यापेक्षा खूप अलीकडचं आहे.

या राळेतली बॉसवेलिक आम्लं 1898 मध्येच वेगळी करण्यात आली होती. त्यानंतर औषध म्हणून त्यांच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 1986 मध्ये जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या जी. बी. सिंग आणि सी. के. अटल यांनी प्राण्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले: अर्काने सूज उतरते आणि नेहमीच्या वेदनाशामकांसारखे पोटात व्रण होत नाहीत. दीर्घकाळ गोळ्या घ्याव्या लागणाऱ्या संधिवाताच्या रुग्णासाठी यातला दुसरा भाग जास्त मोलाचा होता.

तो काळही अनुकूल होता. ल्युकोट्रायन हे दाह भडकवणारे रेणू नुकतेच उलगडले होते. त्या कामात मोठा वाटा असलेल्या बेंग्ट सॅम्युएल्सन यांना 1982 चं नोबेल विभागून मिळालं. हे रेणू तयार करणारं विकर (एन्झाइम) म्हणजे 5-लिपॉक्सिजिनेज. ते अडवणारी औषधं शोधायची शर्यत सुरू असताना जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये एच. पी. टी. अमोन यांच्या गटाने 1990च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की बॉसवेलिक आम्लं नेमकं हेच विकर रोखतात. त्यांतलं अकेबीए (अ‍ॅसिटिल-11-कीटो-बीटा-बॉसवेलिक आम्ल) सगळ्यांत जोरदार ठरलं. परंपरेला रेणूच्या पातळीवरचं कारण मिळालं, आणि दमा, आतड्यांचा दाह, संधिवात अशा सगळ्याच आजारांत आशा पालवली.

मग माणसांवरच्या चाचण्या झाल्या, आणि चित्र विस्कटत गेलं. 1997 मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याच्या दाहाच्या) रुग्णांना रोज तीनदा 350 मिलिग्रॅम राळ सहा आठवडे दिली. 82 टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात आला, सल्फासॅलाझिन हे नेहमीचं औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण 75 टक्के होतं. आकडे आकर्षक आहेत, पण गट लहान होते. संधिवातसदृश सांधेदाहावरच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसवरच्या) 1998 च्या जर्मन चाचणीत नेहमीच्या औषधांना अर्काची जोड देऊन मोजण्याजोगा फायदा दिसला नाही. क्रोन्स या आतड्यांच्या दाहाच्या आजाराची तर गंमतच झाली. 2001 मध्ये अर्क मेसालाझिन या प्रचलित औषधाच्या तोडीस तोड ठरला. पण आटोक्यात आलेला आजार उलटू नये म्हणून वर्षभर दिला, तेव्हा 2011 च्या अहवालानुसार तो प्लासीबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) सरस ठरला नाही. त्यातल्या त्यात टिकून राहिला तो गुडघ्याच्या झिजेवरचा उपयोग. 2003 मध्ये नागपुरातून प्रसिद्ध झालेल्या 30 रुग्णांच्या चाचणीत वेदना आणि सूज कमी झाली, आणि नंतरच्या चाचण्यांचा कलही साधारण त्याच बाजूचा आहे.

दरम्यान मूळ स्पष्टीकरणच डळमळलं. अकेबीए पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि तोंडावाटे घेतल्यावर रक्तात फारच थोडं पोचतं. परीक्षानळीत ते विकर रोखायला लागणारी मात्रा त्याच्या कितीतरी पट असते. चरबीयुक्त जेवणासोबत घेतलं तर शोषण वाढतं, म्हणून लेसिथिन या स्निग्ध पदार्थाशी जोडलेले अर्क बाजारात आले. काही संशोधकांनी लक्ष दुसरीकडे वळवलं: दाहात भाग घेणारं कॅथेप्सिन-जी हे विकर, किंवा प्रोस्टाग्लँडिन ई-2 हा दाह वाढवणारा रेणू बनवणारं विकर. तिथे अकेबीएपेक्षा साधं बीटा-बॉसवेलिक आम्ल महत्त्वाचं असू शकतं, कारण रक्तात ते कितीतरी जास्त सापडतं. तरीही डब्यावर ठळक छापली जाते ती अकेबीएचीच टक्केवारी.

2020 मध्ये 5-लिपॉक्सिजिनेजला चिकटलेल्या अकेबीएची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. ते विकराच्या क्रियास्थळी, म्हणजे जिथे त्याची रासायनिक क्रिया घडते तिथे, बसतच नाही. दूरच्या एका खाचेत बसून विकराचं वागणं बदलतं.