लेबलिंग मशीनमधील एन्कोडर

मोटर किंवा कन्व्हेयरचा शाफ्ट किती फिरला, हे विद्युत पल्सच्या रूपात सांगणारे उपकरण म्हणजे एन्कोडर. धावत्या बाटलीवर किंवा खोक्यावर ठरल्या जागीच लेबल बसवायचे, तर वस्तू कुठवर आली आहे हे नियंत्रकाला सतत कळावे लागते.

एन्कोडर नसलेले मशीन घड्याळाच्या हिशेबाने चालते: वस्तू सेन्सरसमोर आली की ठरावीक मिलिसेकंद थांबायचे आणि लेबल सोडायचे. पट्टा सुरू होताना, थांबताना किंवा भार वाढल्यावर वेग बदलतो आणि लेबलची जागा चुकते. एन्कोडर असला की वेळेऐवजी अंतर मोजले जाते. पट्टा मध्येच थांबला तर मोजणीही थांबते.

या कामाला बहुधा इन्क्रिमेंटल एन्कोडर, म्हणजे फिरण्याच्या प्रत्येक छोट्या टप्प्याला एक पल्स देणारा एन्कोडर, पुरतो. त्याच्या ए आणि बी या दोन चॅनेलांत (पल्स देणाऱ्या दोन वेगळ्या वाहिन्यांत) ९० अंशांचा, म्हणजे पाव आवर्तनाचा, फरक असतो; कोणत्या चॅनेलचा पल्स आधी येतो, त्यावरून फिरण्याची दिशा कळते. दोन्ही चॅनेलांच्या सगळ्या चढत्या-उतरत्या कडा मोजल्या, तर फेरीला १००० पल्स देणारा एन्कोडर ४००० मोजण्या देतो. २०० मिमी परिघाच्या चाकावर एक मोजणी म्हणजे ०.०५ मिमी.

पण हा बारीकपणा जोडणीच्या जागेवर अवलंबून असतो, आणि नेमके तिकडेच दुर्लक्ष होते. एन्कोडर मोटरच्या मागे असेल तर गिअरमधली ढिलाई आणि पट्ट्याचे घसरणे त्याला दिसतच नाही. म्हणून वस्तूचे अंतर मोजणारा एन्कोडर पट्ट्यावर टेकलेल्या चाकावर लावणे चांगले. ते चाकही स्वच्छ हवे. वर सांगितलेल्या २०० मिमी परिघाच्या चाकावर गोंदाचा ०.१ मिमी थर बसला, तर परीघ सुमारे ०.३ टक्के वाढतो. सेन्सरपासून लेबल सुटण्याच्या जागेपर्यंत ३०० मिमी अंतर असेल, तर लेबल जवळजवळ १ मिमी मागे पडते.

लेबल ओढणाऱ्या मोटरचा स्वतःचा एन्कोडर वेगळे काम करतो. लेबलची पट्टी वस्तूच्याच वेगाने पुढे यायला हवी. ती मागे पडली तर लेबल ताणले जाते, पुढे गेली तर सुरकुत्या पडतात. सर्व्हो मोटर, म्हणजे एन्कोडरकडून मिळणाऱ्या माहितीनुसार स्वतःला सुधारत चालणारी मोटर, हा वेग धरून ठेवते. स्टेपर मोटर ठरावीक छोट्या पायऱ्यांनी फिरते; एन्कोडर नसेल तर तिच्या पायऱ्या चुकल्या तरी नियंत्रकाला पत्ता लागत नाही. रोलरवर पट्टी घसरली तर मात्र मोटरचा एन्कोडरही ते पकडू शकत नाही. त्यासाठी दोन लेबलांमधली फट ओळखणारा सेन्सर प्रत्येक लेबलला मोजणी नव्याने जुळवून देतो.

वस्तू ओळखायला सेन्सरला लागणारा वेळही हिशेबात धरावा लागतो. मिनिटाला ३० मीटर वेगाने धावणारी वस्तू २ मिलिसेकंदांत १ मिमी पुढे सरकते. त्यामुळे एन्कोडरवरून मिळालेल्या वेगानुसार नियंत्रक तेवढे आधी लेबल सोडतो.